वजन उतरले, पण टिकणार का?

जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली की पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन झपाट्याने उतरते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. काहींचे वजन पुन्हा चढू लागते आणि घरचे लोक रुग्णाच्या जिभेला दोष देऊन मोकळे होतात. प्रत्येक वेळी तसे नसते.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून त्याची नळी केली जाते. जठराचा वरचा घुमटासारखा भाग सहज ताणला जातो आणि भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. तो भाग मागे राहिला, तर नळी पुढे फुगू शकते. म्हणून तोंडावाटे मापाची नळी आत घालून तिच्या कडेने जठर कापतात. मात्र फार अरुंद केल्यास गळती आणि आम्लपित्ताचा धोका वाढतो.

‘बायपास’मध्ये सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. पिशवी किंवा जोड सैल पडू नये म्हणून काही शल्यचिकित्सक पिशवीभोवती सिलिकॉनची कडी बसवतात. त्याने वजन टिकायला मदत होते, पण कडी सरकणे, रुतणे, उलट्या होणे हे त्रासही संभवतात.

फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर या दोन शस्त्रक्रियांची तुलना झाली. दहा वर्षांनी जादा वजनातील घटीचा मध्यक स्लीव्हनंतर ४३.५ टक्के, तर बायपासनंतर ५०.७ टक्के होता. अन्ननलिकेचा दाह अनुक्रमे ३१ आणि ७ टक्के रुग्णांत आढळला. फरक आहे, पण बायपासनंतर जीवनसत्त्वे आणि लोह यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

त्यामुळे ‘पॅकेज किती?’ एवढेच विचारून भागणार नाही. माझ्यासाठी हीच शस्त्रक्रिया का, छातीत जळजळ असेल तर काय आणि पाच वर्षांनी तपासणार कोण, हे आधीच विचारावे. वजन पुन्हा वाढले, तर लाजून घरी बसू नये. दुर्बिणीची तपासणी, आहार आणि चालू औषधे यांचा आढावा घ्यावा. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा जोखमीची असते, तिची घाई नको. रुग्णालयांनीही टाके काढले की काम संपले, असे समजू नये. पुढील वर्षांचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग आहे.