डिस्कची वाटणी

वाटणी म्हटली की भांडण आलंच. पण जमिनीच्या वाटणीत भांडायला निदान भाऊ तरी समोर असतो. नव्या कॉम्प्युटरवर विंडोज किंवा लिनक्स चढवताना डिस्कची जी वाटणी होते, तिच्यात तोही नसतो. इन्स्टॉलर नावाचा कारकून सगळे आकडे आधीच भरून ठेवतो आणि आपल्या वाट्याला 'पुढे' एवढं एक बटण येतं. वाटणीपत्र त्याचं, अंगठा आपला!

"पटत नसेल तर बदला की आकडे," असं जाणकार म्हणतात. या युक्तिवादाचा मला भयंकर राग येतो. अहो, ज्याला आकडे बदलता येतात त्याला तयार आकडे हवेत कशाला? ते असतात मुकाट्याने 'पुढे' दाबणाऱ्यांसाठी. आणि भलत्या जागी पडलेली भिंत मागाहून हलवता येत नाही तीही नेमकी त्यांनाच.

फेडोरा लिनक्सचंच घ्या. त्याचा इन्स्टॉलर पूर्वी सिस्टिमला जास्तीत जास्त ७० जीबी द्यायचा आणि उरलेली बहुतेक जागा तुमच्या फायलींना. प्रोग्रॅम वाढले की स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही आणि दिवाणखान्यात खुशाल क्रिकेट खेळा! २०२० साली फेडोरा ३३ ने डेस्कटॉपवरची ही भिंत काढली. दोघांनी सामाईक जागेतून लागेल तसं घ्यावं, अशी सोय केली. 'रॅमच्या दुप्पट स्वॅप' हाही असाच सोवळ्यातला नियम. ६४ एमबी रॅमच्या काळात १२८ एमबी शोभून दिसत. आज १६ जीबीच्या मशीनवर ३२ जीबी अडवणं म्हणजे दोघांच्या संसारात लग्नाची पातेली मांडणं.

काही भिंती हव्यातच, हे मला मान्य आहे. मशीन सुरू होताना लागणारी ईएफआयची खोली वेगळीच असावी लागते. पण नेमका तिथेच कंजूषपणा! डिस्का टीबीच्या झाल्या, तरी विंडोजचा इन्स्टॉलर तिला वर्षानुवर्षं १०० एमबी देत आला. रिकव्हरी पार्टिशनचं तर जानेवारी २०२४ मध्ये हसंच झालं. विंडोज १० चं एक अपडेट कित्येकांच्या मशीनवर त्यात मावेना. मायक्रोसॉफ्टने उपाय काय सांगावा? कमांड टाइप करून ते पार्टिशन तुम्हीच २५० एमबीने वाढवा! ही सूचना कोणाला? 'पुढे' दाबणाऱ्याला!

पंगतीतल्या वाढप्याला एवढं तारतम्य असतं. मीठ, लिंबू, चटणी यांच्या जागा ठरलेल्या. ती तो न विचारता वाढतो. भात मात्र पानावरचा माणूस मागेल तसा. इन्स्टॉलरनेही तेच करावं. ईएफआयला सरळ एक जीबी द्यावा. टीबीभर डिस्कमध्ये तो हजारावा हिस्सा. स्वॅपची फाइल करावी, म्हणजे ती पुढे लहानमोठी करता येते. बाकी जागा मोकळी सोडावी. ज्याची भूक ठाऊक नाही, त्याच्या पानात भिंती बांधू नयेत.