पुनरागमनाचा खरा हिशेब

निवृत्त झालेला खेळाडू पुन्हा मैदानात उतरला की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना त्यात जिद्दीचे दर्शन घडते, तर काहींना मोह न सुटल्याचे. सुनील छेत्री यांनी जून २०२४ मध्ये कोलकात्यात आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते भारतीय संघात परतले. मालदीवविरुद्धच्या सामन्यात त्यांनी गोलही केला. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आशियाई चषकाचे दार भारताला बंद झाले. यात छेत्री यांचे वय काढण्याचे कारण नाही. एकशेचाळीस कोटींच्या देशाला चाळिशीतल्या माणसाला पुन्हा बोलवावे का लागले, हा खरा प्रश्न आहे.

पुनरागमन यशस्वी होते की फसते, याला नियम नाही. जॉर्ज फोरमन १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मुष्टियुद्धाचे जगज्जेते झाले. किम क्लायस्टर्स मातृत्वानंतर परतल्या आणि २००९ ची अमेरिकन टेनिस स्पर्धा जिंकून गेल्या. उलट ब्यॉर्न बोर्ग १९९१ मध्ये जुनीच लाकडी रॅकेट घेऊन आले आणि पहिल्याच सामन्यात हरले. हा ज्याच्या त्याच्या शरीराचा आणि नशिबाचा भाग झाला. समाजाने विचार करावयाचा तो त्यामागील दोन उणिवांचा. एक तर खेळाडूच्या मागे त्याची जागा घेणारा कोणी नसतो. किंवा खेळाडूच्या पुढे, मैदान सोडल्यावर, जगण्याचे दुसरे साधन नसते. पहिली उणीव संघटनेची, दुसरी समाजाची.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना या दोन्ही उणिवा परिचित आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले, आणि कुस्तीतील पदकासाठी तर देशाला २००८ पर्यंत, म्हणजे छप्पन वर्षे, थांबावे लागले. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. पण मिरवणूक संपल्यावर ते पुन्हा आखाड्यात उतरले, ते हे ऋण फेडण्यासाठी. १९५५ मध्ये पोलीस खात्यात नोकरी मिळाली म्हणून पोटाचा प्रश्न सुटला. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. ऑलिंपिकवीराची ही कथा, तर सामान्य मल्लाचे काय होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

दूध, तूप, बदाम यांचा खुराक शेतकरी कुटुंबाला स्वस्त पडत नाही. मुलगा तालमीत घालणे ही त्या घराची दहा-बारा वर्षांची भांडवली गुंतवणूकच असते. तिचे फळ मात्र शंभरांत एखाद्यालाच मिळते. बाकीचे तिशीच्या आसपास गुडघा किंवा खांदा गमावून घरी येतात. शिक्षण मागे पडलेले असते, शेतीचे वाटे झालेले असतात. मग जत्रेच्या मैदानात चार पैशांच्या इनामासाठी असा मल्ल पुन्हा लांग चढवतो. त्याचेही ते पुनरागमनच; फक्त त्याची बातमी होत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राची क्रीडा निवृत्तिवेतन योजना आहे; २०१८ च्या सुधारणेनुसार ऑलिंपिक पदकविजेत्यास दरमहा वीस हजार रुपये मिळू लागले. पण ही योजना आंतरराष्ट्रीय पदकांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. पुढे राज्य शासनाने त्यांना महसूल खात्यात अधिकारपद दिले. हा सन्मान योग्यच होय. परंतु दुष्काळी तालुक्यातील मुलीला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत नेणारा अनुभव दप्तरांत अडकून पडावा, हा साधनसंपत्तीचा सदुपयोग म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. सांगली जिल्ह्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके मिळविली. आंदळकरांनी पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून मल्लांच्या पिढ्या घडविल्या. वस्ताद होणे हे मल्लाचे खरे पुनरागमन. त्यात तो स्वतःची जागा अडवीत नाही. ती भरून काढणारे दहा जण तयार करतो.

ही परंपरा आता केवळ श्रद्धेवर चालणार नाही. तालुक्याच्या तालमींत आणि शाळांत निवृत्त खेळाडूंना नियमित वेतनावर मार्गदर्शक नेमावे. खेळत असतानाच त्यांना प्रशिक्षकाची पदविका वा एखादा व्यवसाय शिकण्याची सोय द्यावी. मोठ्या मैदानांच्या उत्पन्नातून जायबंदी मल्लांसाठी निधी उभारावा. यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. एका विजेत्यावर जाहीर होणाऱ्या बक्षिसांच्या रकमा पाहिल्या, तर पैसा नाही ही सबब टिकत नाही. तो शिखरावर ओतला जातो, पायऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, इतकेच.

मोठा खेळाडू आवडीने परत आला, तर टाळ्या वाजवाव्यात. तो नाइलाजाने परत येत असेल, तर त्या टाळ्यांमागे आपण आपलेच अपयश झाकीत आहोत, हे ओळखावे.