क्रँक सेन्सर बदलण्याआधी

गाडी गरम झाली की चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू होते. गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी०३३५ हा कोड दिसतो आणि क्रँक सेन्सर बदलायचं तिथल्या तिथे ठरतं. मोजमाप न करता असं ठरवणं ग्राहकावर अन्याय करणारं आहे. हा कोड सेन्सरच्या सर्किटमधला बिघाड दाखवतो आणि त्या सर्किटमध्ये ईसीयूपर्यंतची (इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंतची) वायर, कनेक्टर, पिना असं सगळंच येतं. उंदराने कुरतडलेल्या वायरीमुळे किंवा कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळेही हाच कोड येऊ शकतो. अशा वेळी नवा सेन्सर बसवला तरी गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते.

सेन्सर सापडणं हेच कित्येकदा निम्मं काम असतं. काही इंजिनांत तो पुढे क्रँक पुलीजवळ असतो, काहींत मागे गिअरबॉक्सच्या जोडापाशी, फ्लायव्हीलसमोर. त्याच्यापुढून दातेरी चाक फिरतं. बऱ्याच इंजिनांत या चाकावर ६० दातांची जागा असते, पण २ दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या फटीवरून ईसीयू क्रँकची स्थिती ओळखतो आणि ठिणगीची व इंधनाची वेळ साधतो. यातला एखादा दात तुटला असेल, तर नवा सेन्सरही चुकीचाच संदेश पाठवणार. चुंबकीय सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल, तर नुसतं पुसूनही भागू शकतं. चुंबकीय सेन्सरचा रोध मोजता येतो. तो साधारण काही शे ते हजारभर ओहम असतो, मात्र खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. सेल्फ मारताना त्यातून एसी व्होल्टेज मिळायला हवं. दुसऱ्या, हॉल प्रकारच्या सेन्सरला मात्र ओहममीटर लावून काही कळत नाही. तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल तपासावे लागतात. तीन तारा दिसल्या म्हणून तो हॉलच, असंही धरू नये, कारण काही चुंबकीय सेन्सरांना तिसरी तार शील्डची असते.

मेकॅनिक म्हणतात, तपासणीचे पैसे कुणी देत नाही आणि तासभर शोधण्यापेक्षा सेन्सर स्वस्त पडतो. हाताला सहज लागणाऱ्या सेन्सरपुरतं हे पटण्यासारखं आहे. पण पहिली चाचणी मिनिटभराचीच असते: सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो का, ते पाहायचं. दिसला नाही, तर पुढची मोजणी करायची. थंड सेन्सर ठीक आणि गरम सेन्सर मृत, हा प्रकारही नेहमीचा आहे. म्हणून गाडी बंद पडलेली असतानाच, इंजिन तापलेलं असताना मोजणं महत्त्वाचं. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे ग्राहकाने कुरकुर न करता द्यायला हवेत. बिलात तपासणीची मजुरी वेगळी लिहावी, शेजारी मोजलेले ओहम आणि व्होल्ट लिहावेत, आणि काढलेला जुना सेन्सर ग्राहकाच्या हातात द्यावा.