घरी बांधलेले विमान आणि एक सैल बोल्ट

घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की आमच्या पाटण तालुक्यात कॅप्टन अमोल यादव यांचे नाव हटकून निघते. त्यांचे कुटुंब मूळचे याच तालुक्यातले. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटे करून गच्चीवरून खाली उतरवले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात पुन्हा जोडले. ते पाहायला लोकांनी गर्दी केली. २०१७ साली विमानाची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत उठले.

हा लेख त्या विमानाविषयी नाही, त्याच्या कौतुकाविषयी आहे. वर्गात, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर मला दोनच प्रश्न ऐकू आले : पंख कसे बनवले असतील? आणि सरकारने इतकी वर्षे का घेतली? इंजिनाच्या तारा कशा बांधल्या असतील, असे कोणीच विचारले नाही. विमान घरी बांधण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, असे माझे मत आहे.

आमच्याकडे कुंभार्ली घाटात वडापची जीप बंद पडली, तर क्लीनर उडी मारून चाकाखाली दगड लावतो. ड्रायव्हर बॉनेट उघडतो, एखादी सुटलेली तार पिरगाळून जोडतो, वर काळी चिकटपट्टी गुंडाळतो आणि जीप पुढे निघते. या हुशारीला आपण जुगाड म्हणतो आणि तिचा अभिमानही बाळगतो. पण दगड लावायला रस्ता असतो म्हणूनच ती खपून जाते. लहान विमानाचे इंजिन जमिनीपासून ३०० मीटर उंचीवर थांबले, तर विमान दगडासारखे पडत नाही. तरंगत खाली येते. एक मीटर खाली येताना साधारण नऊ मीटर पुढे जाते असे धरले, तर वैमानिकाच्या हाती २७०० मीटर अंतर उरते. धुळ्याच्या सपाटीवर तेवढ्यात एखादे शेत सापडेल. कोयनेच्या खोऱ्यात, दोन्ही बाजूंना डोंगर असताना, कुठे उतरायचे?

जुन्या विमान-अभियंत्यांनी हे ओळखले होते. १९०३ सालचे राइट बंधूंचे विमान हेही एका अर्थी घरगुतीच. सायकलींच्या दुकानात बांधलेले. त्याच्या इंजिनाला ठिणगी पुरवायला मॅग्नेटो होता. इंजिन सुरू करण्यापुरती बॅटरी वापरत आणि ती जमिनीवरच ठेवून देत! विमानाच्या दट्ट्याच्या इंजिनांत मॅग्नेटो आजही सर्रास वापरतात. तो म्हणजे एक छोटे जनित्र. इंजिन चुंबक फिरवते, गुंडाळीत प्रवाह निर्माण होतो, योग्य क्षणी तो तोडला की दुसऱ्या गुंडाळीत काही हजार व्होल्टचा दाब येतो आणि स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. फॅरेडेचा नियम तुम्ही पाठ केला आहे, तोच हा. बॅटरी संपली, मुख्य तार जळाली, सगळे दिवे गेले, तरी पंखा फिरत आहे तोवर ठिणगी पडतच राहते.

असे इंजिन बंद कसे करायचे? स्विच ‘बंद’वर नेला की मॅग्नेटोची पहिली गुंडाळी एका तारेने इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थिंगला, जोडली जाते आणि ठिणगी थांबते. घरच्या दिव्याच्या हे नेमके उलट आहे. दिव्याची तार तुटली तर दिवा विझतो. ही तार तुटली तर इंजिन चालूच राहते. तार कधीतरी तुटणारच हे मान्य करून, ती तुटल्यावर माणूस वाचेल अशा बाजूला अपयश वळवून ठेवले आहे. याची किंमत जमिनीवर मोजावी लागते. तार तुटलेली असेल, तर स्विच बंद असूनही पंखा हाताने फिरवताच इंजिन सुरू होऊ शकते. म्हणून उभ्या विमानाच्या पंख्याला कधीही हात लावू नये.

शिवाय मॅग्नेटो दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेरे थोडेसे कमी झाले पाहिजेत, फार नाही. आता थोडे गणित करू. समजा, एका तासाच्या उड्डाणात एक मॅग्नेटो बिघडण्याची संभाव्यता हजारात एक आहे. (आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) दोन्ही एकाच तासात बिघडण्याची संभाव्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. पण हा गुणाकार केव्हा चालतो? दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. अकरावी-बारावीच्या पुस्तकात ही अट एका ओळीत येते आणि विद्यार्थी ती ओलांडून पुढे जातात. घरी विमान बांधणारा मात्र इथेच अडखळतो.

आज अनेक हौशी बांधकाम करणारे मोटारगाडीचे इंजिन किंवा इलेक्ट्रॉनिक ठिणगी-यंत्रणा वापरतात. वजन, किंमत, इंधन या सगळ्यांत काही ना काही फायदा असतो. पण अशा यंत्रणेला सहसा बाहेरून वीज लागते. मग माणूस विचार करतो, दोन बसवू. दोन नियंत्रक, दोन बॅटऱ्या, दोन पंप. छातीवर हात ठेवून सांगतो, सगळे दुहेरी आहे. आणि दोन्हींच्या अर्थिंगच्या तारा नेऊन एकाच बोल्टखाली आवळतो! तो बोल्ट सैल होण्याची संभाव्यता पाच हजारांत एक धरा. दहा लाखांत एक असलेला धोका आता दहा लाखांत दोनशेच्या वर गेला. दुसऱ्या नियंत्रकावर खर्च केलेले पैसे त्या बोल्टपाशी वाया गेले.

मोठे कारखानेही या मोहातून सुटलेले नाहीत. १९७७च्या सुमारास सेसना १७२ या प्रसिद्ध विमानाच्या इंजिनावर दोन मॅग्नेटो एकाच डबीत बसवलेले असत आणि इंजिनाकडून त्यांना फिरवणारा दांडा एकच असे. कागदावर दोन, दांड्यापाशी एक.

बोल्ट सैल का होतो? तार तुटते तरी का? चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ८० धक्के. अमेरिकेत हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला सामान्यतः पहिले २५ किंवा ४० तास ठरावीक क्षेत्रातच, चाचणी म्हणून उडवावे लागते. चाळीस तासांत होतात १ कोटी १५ लाखांहून अधिक धक्के. तांब्याची एकेरी जाड तार इतके वाकणे सोसत नाही; म्हणून अनेक बारीक तंतूंची तार वापरतात. तिच्या टोकाला डाख दिला, तर वितळलेला धातू तंतूंमध्ये शिरतो आणि तेवढा भाग कांडीसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपतो आणि लवचीक सुरू होतो, नेमकी तिथेच तार तुटते. त्यापेक्षा योग्य मापाचा लग योग्य पकडीने दाबून बसवावा आणि शेजारीच तारेला आधार द्यावा. इंजिन आणि वैमानिक यांच्यामध्ये पोलादी पत्रा असतो. त्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी कडे हवे, नाहीतर पत्र्याची कड तारेचे आवरण हळूहळू कापते.

सैल जोडाचे आणखी एक लक्षण ओहमच्या नियमातून कळते. इंजिन सुरू करणाऱ्या मोटरीला १५० अँपिअर प्रवाह लागतो असे धरा. जोडात केवळ ०.०२ ओहम रोध असला, तरी तिथे ३ व्होल्ट खर्च होतात. बाराच्या बॅटरीचा चौथा हिस्सा. आणि त्या जोडात उष्णता निर्माण होते ४५० वॉट. साध्या मापकाने बॅटरीचे टोक आणि मोटरीचे टोक यांतला फरक मोजला, की चोर सापडतो. मापकाची किंमत काहीशे रुपये.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, सरकारने का अडवले? कागदपत्रांचा विलंब असतो आणि तो लाजिरवाणाही असतो. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण नोंदणी, तपासणी आणि चाचणी-उड्डाणे यांना सरसकट लाल फीत म्हणणे मला मान्य नाही. ज्याने तार बांधली त्याच्याच डोळ्यांना तिचा दोष सर्वांत शेवटी दिसतो. आपला निबंध आपणच तपासताना शुद्धलेखनाच्या चुका सुटतात, तसेच हे. दुसऱ्याचा डोळा लागतोच. विलंब कमी करा म्हणावे. तपासणी कमी करा म्हणू नये.

आणि शिक्षक मित्रहो, हे तुमच्या विज्ञान प्रदर्शनापासून सुरू करता येईल. परीक्षक म्हणून मी अनेक शाळांत जातो. पाणी उपसणारी, भूकंपाची सूचना देणारी, दरवाजा आपोआप उघडणारी यंत्रे असतात. कल्पना उत्तम. मागे पाहावे तर सगळ्या तारा एकाच रंगाच्या, पिरगाळलेल्या आणि टेपने झाकलेल्या. माझी सूचना अशी की, शंभरांपैकी तीस गुण जोडणीला द्यावेत : मंडलाची आकृती शेजारी लावलेली आहे का, प्रत्येक तारेला खूणचिठ्ठी आहे का, तार ओढली तर निघते का. परीक्षकाने यंत्र उचलून चांगले हलवावे आणि मग चालवून पाहावे. शेवटी कोणतीही एक तार काढावी आणि मुलांना विचारावे, आता काय होईल?

याने मुलांचा उत्साह मावळेल, असे काही शिक्षक म्हणतात. मला तसे वाटत नाही. ‘आता काय होईल?’ असे विचारले की मुले आधी एकमेकांकडे पाहतात, मग वाद घालू लागतात, आणि थोड्याच वेळात त्यांतला एखादा स्वतःहून दुसरी तार काढून पाहतो.