आधी संघ, मग इमारत



धम्मदीक्षा घेऊन घरी परतलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो देव्हाऱ्याचा नव्हे, मुलाच्या पाटीचा. भिंतीवरील तसबिरी उतरविणे हे एका दिवसाचे काम आहे. मनातील गुलामगिरी उतरविणे हे शाळेचे काम आहे. हे ओळखूनच आपल्यातील कित्येकांनी वर्गणी जमवून शाळा काढल्या. हा पराक्रम लहान नव्हे. परंतु आपल्या या शाळा एकमेकींस ओळखतात काय?

एका शाळेची मान्यता अडली की तिचा चालक एकटाच कचेरीचे उंबरठे झिजवितो. दुसरीचा गणिताचा शिक्षक निघून गेला की तो वर्ग ओस पडतो. तिसरीच्या विश्वस्तांत भांडण जुंपले की तारखांवर तारखा पडतात आणि मुलांचे वर्ष बुडते. यास आपण स्वातंत्र्य म्हणतो! हे स्वातंत्र्य नव्हे, हा एकाकीपणा होय.

बाबासाहेबांचा क्रम पाहा. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सोलापूरचे वसतिगृह त्यानंतर, 1925 साली निघाले. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली; मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 साली आणि औरंगाबादचे महाविद्यालय 1950 साली, म्हणजे मागाहून आले. आधी संघटना, मग इमारत. आपण हा क्रम उलटा केला. इमारती बांधल्या आणि संघटना विसरलो.

कोणी म्हणेल, 'संघ झाला की तो आमची संस्था गिळून टाकील.' ही भीती अनाठायी आहे. राज्यघटनेच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि केंद्र शासनाच्या 1993 च्या अधिसूचनेने बौद्धांची गणना राष्ट्रीय अल्पसंख्याकांत झाली आहे. हा हक्क कोणताही संघ हिरावून घेऊ शकत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1958 सालीच स्पष्ट केले आहे की, संस्था चालविण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. ज्याचा कारभार स्वच्छ आहे, त्याने संघाच्या नजरेस का भ्यावे?

संघाने करावयाची कामे साधी आहेत. कायद्याचा सल्ला एका ठिकाणी मिळावा. शिक्षकांचे प्रशिक्षण एकत्र व्हावे. ग्रंथ आणि प्रयोगशाळेचे साहित्य शेजारच्या शाळेसही वापरता यावे. प्रत्येक शाळेचा हिशेब तपासून पालकांपुढे मांडला जावा. कोसळू पाहणाऱ्या शाळेस सावरण्यासाठी सामायिक निधी असावा.

परंतु एक इशारा आताच देऊन ठेवणे अगत्याचे आहे. शाळांचा संघ हा चालकांचा संघ होता कामा नये. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवावयास सांगितल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्यातून वगळल्या. ही सवलत हाती धरून आपल्यातीलच कोणी मोलमजुरी करणाऱ्याच्या लेकरास दारातून परत पाठवील, तर त्या शाळेस बुद्धविहाराच्या शेजारी जागा मिळाली म्हणून ती बौद्धांची ठरत नाही. ज्यांच्या आजोबांस वर्गाबाहेर बसविले गेले, त्यांच्याच नातवांनी फीची भिंत उभारून दुसऱ्यास बाहेर बसवावे, याहून मोठा धम्मद्रोह कोणता?

आणि शासनाची शाळा सोडा, असेही आम्ही सांगत नाही. ती आपल्याच करातून चालते. तीवरील हक्क सोडणे म्हणजे स्वतःच्या हाताने आपले शेत दुसऱ्यास देणे होय. आपली शाळा तिच्या जोडीस हवी, तिच्या जागी नव्हे.

म्हणून, पालकहो, पुढील सभेस रिकाम्या हाताने जाऊ नका. तीन प्रश्न घेऊन जा. गेल्या वर्षाचा हिशेब कोठे आहे? आपली शाळा कोणत्या संघाशी जोडलेली आहे? त्या संघात पालकांस मत आहे काय? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. वर्गणी देणाऱ्याने प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे; ते त्याचे कर्तव्य आहे. शिका आणि संघटित व्हा, या दोन आज्ञा बाबासाहेबांनी वेगवेगळ्या माणसांस दिलेल्या नाहीत. त्या एकाच माणसास, म्हणजे तुम्हांस, दिलेल्या आहेत.