फजितीचा हक्क

विक्षिप्त, धांदरट, पण स्वतःला आहे तशी पत्करणारी नायिका आणि तिची विनोदी प्रेमकथा हा कादंबरीप्रकार खपला भरपूर, मान मात्र त्याला बेताचाच मिळाला. हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ आधी लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ दैनिकात सदर म्हणून चालली आणि १९९६ साली पुस्तकरूपाने आली. तिच्या मागोमाग अशा कादंबऱ्यांची रांग लागली, तेव्हा २००१ मध्ये ब्रिटिश कादंबरीकार बेरिल बेनब्रिज यांनी या लेखनाची ‘नुसता फेस’ अशी संभावना केली; डोरिस लेसिंग यांनीही त्यांचीच री ओढली. पूर्वपक्ष दुहेरी आहे. विषय क्षुल्लक, हा पहिला आक्षेप. दुसरा अधिक धारदार: नायिकेचा आत्मस्वीकार लटका, कारण त्यावर शिक्का शेवटी पुरुषाचाच.

पहिला आक्षेप टिकत नाही. स्वतःची फजिती स्वतःच सांगणाऱ्या गबाळ्या पुरुषाला साहित्यात केव्हाच पाट मांडून झाला आहे. वुडहाउसचा बर्टी वूस्टर काय किंवा चिं. वि. जोशींचा चिमणराव काय, त्यांच्या उचापतींना कोणी क्षुल्लक म्हणत नाही. चिमणरावाचा गोंधळ मध्यमवर्गाचे चित्र ठरतो आणि ब्रिजेटचा गोंधळ बायकी करमणूक, हा न्याय वाङ्मयीन खासच नव्हे.

दुसऱ्या आक्षेपासाठी डायरीच उघडावी लागते. तिथे दिवसाची सुरुवात वजन, मद्य, सिगारेटी आणि कॅलरींच्या आकड्यांनी होते. अठरा वर्षे ज्या वजनाचा ध्यास घेतला, ते सुमारे ५४ किलो एकदाचे काट्यावर दिसते. ब्रिजेट हरखून पार्टीला जाते, तर लोक तिच्या तब्येतीची काळजी करतात आणि जवळचा मित्र सांगतो, आधीच बरी दिसायचीस. अठरा वर्षांचे तप एका वाक्यात मातीमोल! वर्षअखेरच्या हिशेबातही घटलेले आणि वाढलेले वजन जवळजवळ तेवढ्यास तेवढे. या आकड्यांची पोकळी उघडी पडते ती नायकाच्या पसंतीमुळे नव्हे. नायिकेने इमानेइतबारे लिहिलेला जमाखर्चच ते काम करतो. तिला कोणी हसण्याआधी ती स्वतः हसवून मोकळी झालेली असते.

आक्षेपात तथ्य आहे ते नकलांपुरते. सुंदर, सडपातळ मुलगी अधूनमधून अडखळून पडते, एवढ्यावर तिला विक्षिप्त ठरवणाऱ्या कादंबऱ्या ढिगाने निघाल्या. त्यांची वकिली करण्यात अर्थ नाही.

चांगल्या लेखिका मात्र नायकाच्या शिक्क्यालाच कथेचा प्रश्न करतात. अनुजा चौहान यांच्या ‘द झोया फॅक्टर’मध्ये (२००८) करोल बागेतली, गुबऱ्या गालांची झोया १९८३ चा विश्वचषक भारताने जिंकला त्याच क्षणी जन्मलेली. त्यामुळे क्रिकेट संघासाठी ती शुभशकुनी ठरते आणि सारा देश तिला देवी करून मखरात बसवायला निघतो; शकुनावर विश्वास नसलेला संघाचा कर्णधार तेवढा तिला साधी मुलगी म्हणून पाहतो. हेलन होआंग यांच्या ‘द किस क्वोशंट’ची (२०१८) नायिका स्टेला ऑटिस्टिक अर्थमितितज्ज्ञ आहे. आपल्यातले ‘उणे’ दुरुस्त करायला ती पैसे मोजून प्रणयाची शिकवणी लावते आणि दुरुस्त करण्यासारखे काही नव्हतेच, हे तिला हळूहळू उमगते. टालिया हिबर्ट यांच्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’मध्ये (२०१९) नायिकेला फायब्रोमायल्जिया, म्हणजे सततच्या अंगदुखीचा आजार आहे. नायक रेड मॉर्गनशी प्रेम जुळते, पण अंगदुखी राहते ती राहतेच. प्रेमाच्या मात्रेने हिबर्ट यांनी ती बरी केली असती, तर दुसरा आक्षेप मान्य करावा लागला असता.