नाताळावर हायकू आपण का लिहू नये?



डिसेंबरच्या हायकूसाठी 'नाताळ' हा विषय दिला, तेव्हा आमच्या महिला मंडळात दोघी-तिघींनी नाकं मुरडली. "आपल्याला काय करायचंय त्यांच्या सणाशी? उगाच मिथ्यात्वाला हातभार." मला हे पटत नाही.

वंदना वेगळी आणि पाहणं वेगळं. हायकू म्हणजे स्तुती नाही, आरती नाही. डोळ्यांसमोर जे घडलं ते तीन ओळींत ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. मराठीत तो शिरीष पैंनी आणला, पण मूळचा जपानचा. तिथे हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असावा असा संकेत आहे, आणि त्या शब्दांचे चक्क कोश आहेत. त्यांत 'ख्रिसमस' हा हिवाळ्याचा शब्द म्हणून आहे. खरं तर जपानमध्ये ख्रिस्ती शंभरात एखादाच. १८७३ पर्यंत त्या धर्मावर तिथे बंदीच होती. तरी पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मासाओका शिकींसारख्या मोठ्या कवीने ख्रिसमसवर हायकू लिहिले, आणि ते काही ख्रिस्ती नव्हते. गंमत म्हणजे जपानी उच्चार होतो 'कुरिसुमासु'. मोजा बरं, बरोबर पाच! पाच-सात-पाचमधली एक ओळ आयतीच भरली. (बी.कॉम. झालेल्या बाईला असल्या बेरजा पहिल्यांदा दिसतात.)

माझी तक्रार आहे ती वेगळीच. मंडळात जे हायकू आले त्यांत बर्फ होता, घसरगाडी होती, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज होता. अगं, सांगली-मिरजेत बर्फ दिसतो तो रसवंतीत! शुभेच्छापत्रावरचं चित्र पाहून लिहिलेला हायकू मला उसना वाटतो. एकीने शेवटी 'प्रेम हाच संदेश' असं लिहिलं होतं. ती ओळ खोडली तर उरलेल्या दोन चांगल्या होत्या, आणि हे मी तिला सांगितलंही.

आपल्याकडचा नाताळ कसा असतो, ते आठवा. दाराबाहेर कागदाची चांदणी. बांबूच्या कामट्यांना लावलेला घोटीव कागद, आत बल्ब. शेजारीण ताट पाठवते, त्यात करंज्या, शंकरपाळ्या. केक ती आपल्याला देत नाही, अंड्याचा असतो हे तिला माहीत आहे. आपणही पर्युषणानंतर तिच्याकडे डबा पाठवतो. पार्श्वनाथ भगवानांचं जन्मकल्याणकही याच थंडीच्या दिवसांत येतं. देवळाच्या फरशीचा गारवा आणि तिच्या चर्चच्या पायरीचा गारवा एकच.

आणि एक गोष्ट आपल्याच डोळ्यांना दिसेल अशी आहे. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आपली जेवणं त्याआधी आटोपलेली, भांडी घासून पालथी घातलेली असतात, आणि तेव्हा पलीकडच्या दारात उजेड होतो. मी लिहिलं ते असं:

जेवणं आटोपली
शेजारच्या दारात
आत्ता पेटली चांदणी

यात ना त्यांचा देव आला, ना आपलं व्रत मोडलं. मंडळात वाचलं तेव्हा नाक मुरडणाऱ्यांपैकी एक म्हणाली, "हे तर आपल्याच घरचं आहे." तिच्याकडून आता एक यायचा आहे, मी मागे लागले आहे.

मी दुसरा लिहायला घेतलाय, या खेपेला पाच-सात-पाच मोजून. 'नाताळ' तीन अक्षरांतच संपतो, पुढची दोन काही केल्या सापडत नाहीत.